रिकाम्या खोलीचं दार वाजवणारे लियांग काका

ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला लियांग काका पहिला प्रश्न एकच विचारायचे. "सोबत कोण आहे?"

समोरचा माणूस आलेला असायचा वेगळंच विचारायला. कुठल्या हॉटेल कंपनीची मेंबरशिप घेऊ, पॉइंट कुठे जास्त मिळतात, फुकटची रात्र कुठे लवकर पदरात पडते. त्याच्या फोनवर तुलनेचे तक्ते तयार असायचे. काका तो फोन हळूच टेबलावर पालथा करायचे, त्याच्यापुढे साध्या गरम पाण्याचा कप ठेवायचे आणि पुन्हा म्हणायचे, "ते नंतर बघू. सोबत कोण आहे?"

त्यांच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण मला त्यांची सगळी हकिगत ठाऊक नाही. ते चीनमधल्या चंगतूचे, आयुष्यभर टूर गाइड होते, बायको गेल्यावर मुलीकडे अमेरिकेत एडिसनला आले, एवढंच. बाकी मी जे पाहिलं ते दुपारच्या पार्टटाइम नोकरीतलं. तेवढ्यावर माणूस उभा करता येतो का, मला खात्री नाही. तरी लिहून बघते.

आमचं ऑफिस म्हणजे ओक ट्री रोडवर, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरची दोन टेबलांची ट्रॅव्हल एजन्सी. मालकीण सुलभा काकू, मूळच्या नागपूरच्या. आधी त्यांचा धंदा म्हणजे मराठी मंडळींच्या युरोप टूर आणि भारताची तिकिटं. मग आजूबाजूच्या चिनी कुटुंबांपैकी कुणीतरी आईवडिलांना अमेरिका दाखवायची म्हणून आलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि हळूहळू निम्मं गिऱ्हाईक चिनी झालं. काही तर थेट चीनमधून फोन करायचे. आपल्या देशात खोली कशी घ्यायची ते त्यांना पाठ असायचं, पण परदेशात निघाले की गोंधळायचे. काकूंना त्यांची भाषा येईना आणि त्यांची काळजीही कळेना. म्हणून त्यांनी लियांग काकांना बोलावलं.

मी तिथे फोन घ्यायचे आणि बुकिंगं टाइप करायचे. माझे बाबा त्याच रस्त्यावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये कुक आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मी हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट शिकते हे आईला समजावून सांगताना मी म्हणाले, "हॉटेल कसं चालवायचं ते शिकवतात." आई म्हणाली, "ते तर तुझे बाबा करतातच की. त्याला एवढी फी कशाला?"

काकांनी पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं. मयूरी हे नाव त्यांच्या जिभेवर काही बसेना. "मी तुला शियाओ मा म्हणतो," ते म्हणाले. त्याचा अर्थ विचारला तर म्हणाले, "छोटा घोडा." सुलभा काकू पलीकडून ओरडल्या, "अहो, तिच्या आईने मोर ठेवला होता, तुम्ही घोडा केलात?" काका गंभीरपणे म्हणाले, "मोर दिसायला छान. ऑफिसात घोडा बरा."

आमचं तिघांचं बोलणं इंग्रजीत चालायचं. मी ते मराठीत लिहितेय एवढंच. पण काकांनी मराठीतले दोन शब्द उचलले होते. एक 'काकू.' मी सारखं काकू म्हणते ते ऐकून त्यांना ते नावच वाटलं, आणि ते सुलभा काकूंना अदबीने 'मिस काकू' म्हणायला लागले. दुसरा 'बरं बरं.' हे त्यांना इतकं आवडलं होतं, की चंगतूच्या गिऱ्हाइकाशी चिनीत बोलतानाही मधेच "बरं बरं" यायचं, आणि पलीकडच्या माणसाने काय समजून घेतलं असेल असं मला वाटत राहायचं.

हॉटेल कंपन्यांच्या या मेंबरशिपचं सूत्र साधं असतं. त्यांच्याच हॉटेलांत राहत जा, प्रत्येक रात्रीचे पॉइंट जमा होतात. रात्री वाढल्या की तुमची पायरी वाढते. पायरी वाढली की मोठी खोली, फुकट नाश्ता, उशिरा खोली सोडण्याची सवलत. आमच्याकडे येणारे चिनी प्रवासी दोन मेंबरशिपमध्ये अडकायचे. काकांनी त्यांना आपली नावं दिली होती, 'नदी' आणि 'विहीर.'

"नदी कुठेही भेटते," ते सांगायचे. "पॅरिसला उतरा, टोरांटोला उतरा, विमानतळाबाहेर तिचं हॉटेल आहेच. पण नदी तुम्हाला ओळखत नाही. विहीर एका जागी असते. मोजक्या गावांत, बहुतेक आशियात. पण पाणी तेच आणि रहाट ओढणारा माणूसही तोच."

लोकांना वाटायचं, ते विहिरीचेच प्रचारक आहेत. तसं नव्हतं. एकटीच युरोप फिरायला निघालेली एक मुलगी आली, तिला त्यांनी दोन मिनिटांत नदी दिली. "तुला रात्री स्टेशनावर उतरून समोर हॉटेल दिसलं पाहिजे. तिथे तुला कुणी ओळखण्याची गरज नाही." पण केविन वू नावाचा एक सॉफ्टवेअरवाला नान्चिंगहून येणाऱ्या आईसाठी आला, तेव्हा त्यांनी त्याला तासभर बसवलं होतं. तो त्यांना अंकल म्हणायचा.

"आई गरम पाणी पिते?"

"अर्थात, अंकल."

"इथल्या खोल्यांत किटली नसते, कॉफीचं मशीन असतं. त्यातून काढलेल्या पाण्याला कॉफी आठवते. ती पिणार नाही. मग खाली जाऊन किटली मागणार कोण?"

"मी आहे ना."

"तू मीटिंगमध्ये असशील. मग आई नळाचं पाणी हातात धरून बसेल, आणि तू संध्याकाळी विचारलंस की म्हणेल, तहानच नव्हती."

केविन म्हणाला, "हे तुम्हाला कसं माहीत? मागच्या खेपेला फ्लोरिडात अगदी असंच झालं."

सुलभा काकूंचा जीव मात्र वरखाली व्हायचा. "लियांगभाऊ, मेंबरशिप देताय की स्थळ जमवताय? पत्रिका तेवढी बघायची राहिली."

"पत्रिका नको, मिस काकू. आईचे गुडघे कसे आहेत ते कळलं तरी पुरे."

मराठी गिऱ्हाईक आलं की ते कान देऊन ऐकायचे. आमच्या लोकांचा पहिला प्रश्न नाश्ता फुकट आहे का, आणि दुसरा, त्यात व्हेज काय. एकदा एका काका-काकूंनी, खोलीत पोहे भिजवायला चालतील का, असं विचारलं. लियांग काकांना केवढा आनंद झाला. ते गेल्यावर मला म्हणाले, "शियाओ मा, तुमची माणसं आणि आमची माणसं एकच. दोघांनाही हॉटेलात घरच हवं असतं. फक्त तुमची विचारून घेतात, आमची न विचारता तांदूळ शिजवतात."

'लॉयल्टी' हा शब्द त्यांना आवडत नसे. मला कॉलेजात त्यावर एक पूर्ण प्रकरण होतं, आणि मी मोठ्या हौसेने त्यांना व्याख्या वाचून दाखवली होती. ते म्हणाले, "निष्ठा मोठी गोष्ट आहे. झोपायच्या जागेसाठी ती मागू नये. हॉटेलाने एवढंच म्हणावं, आम्ही तुमची ओळख ठेवू." मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "तेवढं केलं तरी खूप झालं."

एकदा मी सहज विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कुठल्या पायरीवर आहात?" इतकी वर्षं हॉटेलांतच झोपलेला माणूस, मला वाटलं, सगळ्यात वरच्या असणार. ते हसले. ग्रुपच्या भावात घेतलेल्या खोल्यांचे पॉइंट कुणालाच मिळत नाहीत, गाइडला तर नाहीच. आणि गाइडची खोली म्हणजे लिफ्टच्या मशीनला लागून, नाहीतर लाँड्रीवर. "मी कुठल्याच पायरीवर नाही," ते म्हणाले. "मी जिन्यात आहे."

सोबत कोण आहे, या प्रश्नाला पुढे दुसरा प्रश्न जोडला गेला, तो माझ्यासमोर. सूचौहून आलेलं एक वयस्कर जोडपं, त्यांचा इथला मुलगा, सून आणि नातू असे सगळे ऑरलँडोला गेले होते. मुलाला मेंबरशिप काकांनीच सुचवली होती. परतल्यावर मुलगा बायको आणि वडिलांसह, संत्र्यांची पेटी घेऊन आभार मानायला आला. "मास्टर लियांग, काय सांगू! वरची पायरी असल्यामुळे आम्हाला थेट वरच्या मजल्यावर सूट दिला. सगळी फटाक्यांची आतषबाजी खिडकीतून!" सून फोटो दाखवत होती. म्हातारे वडील कोपऱ्यात गरम पाणी पीत बसले होते. काकांनी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि चिनीत काहीतरी विचारलं. ते हळू आवाजात बोलत राहिले, मधे एकदा हसलेही.

ते लोक गेल्यावर काकांनी संत्र्यांची पेटी बाजूला सारली. मग आम्हाला सांगितलं. अपग्रेड मुलाच्या खोलीचं झालं होतं, आईवडिलांच्या नाही. ते खालीच राहिले. सकाळी नातवाला भेटायला म्हणून म्हातारा लिफ्टमध्ये शिरला, पण त्याच्या कार्डाने लिफ्ट त्याच्याच मजल्यावर थांबे. इंग्रजी येत नाही. अनोळखी माणसांबरोबर वरखाली होत राहिला, आणि शेवटी लॉबीत जाऊन बसला.

"रागावलेत का ते?" सुलभा काकूंनी विचारलं.

"नाही. म्हणाले, लॉबीत खुर्च्या फार छान होत्या, मी सगळ्यांवर बसून बघितलं."

त्या दिवशी काकांनी संत्रं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला विचारायला लागले, "सोबत कोण आहे? आणि कोण कुठल्या मजल्यावर?"

त्यांची एक सवय मात्र मला बाहेर गेल्यावर कळली. हॉटेलवाले एजन्सीच्या माणसांना खोल्या बघायला बोलावतात. एका दुपारी आम्ही टर्नपाइक महामार्गाजवळच्या एका नव्या हॉटेलात गेलो. सुलभा काकू ड्राइव्ह करत होत्या. तिथला तरुण सेल्स मॅनेजर सूट घालून पुढे चालला होता. त्याने एका खोलीला कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, आणि तो दार ढकलणार तेवढ्यात काकांनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग बोटाने दार वाजवलं. हलकेच, शेजारच्यांचं वाजवावं तसं. थांबले. चिनीत एक वाक्य म्हणाले. मग बाजूला सरून, दारातून तिरके आत गेले.

"सर, खोली रिकामी आहे," मॅनेजर म्हणाला.

"हो, म्हणूनच," काका म्हणाले.

आत त्यांनी दिवे लावले, बाथरूममधलं पाणी सोडून बघितलं, प्लग बघितले, सपाता शोधल्या, मिळाल्या नाहीत. आपले बूट काढले ते एक आत तोंड करून, एक बाहेर तोंड करून ठेवले. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, मी त्यांची नात असल्यासारखं काहीतरी स्पष्टीकरण द्यावं अशी त्याची अपेक्षा होती.

परतताना गाडीत मी विचारलं. ते म्हणाले, ही गाइड लोकांची रीत. नवे गाइड जुन्यांकडून शिकतात. खोली आत्तापर्यंत कुणाची तरी होती. कोण जाणे, कोण अजून आत असेल. तेव्हा दार वाजवून सांगायचं, येऊ का, एकदोन रात्रींपुरतेच आहोत. आणि बूट एक आत, एक बाहेर तोंड करून ठेवायचा, म्हणजे आपण आलोय की निघालोय ते त्याला कळत नाही. गाइडने हे केलं नाही तर ग्रुपमधल्या म्हाताऱ्या बायकांना झोप लागत नाही.

"भुताखेताचं!" सुलभा काकू म्हणाल्या. "माझी सासू पण असलंच."

"तुमच्या सासूबाईंना मी चांगला ग्रुप दिला असता," काका म्हणाले.

आणि मग, बहुधा गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती म्हणून, त्यांनी बहिणीचं सांगितलं. ती अकरा-बारा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले. बहीण शाळा सोडून कापडाच्या गिरणीत लागली आणि काका इंग्रजी शिकायला कॉलेजात गेले. त्यांच्या घरातले कॉलेजात गेलेले ते पहिले. हे सांगताना त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. पुढे ते ग्रुप घेऊन देशोदेशी हिंडले आणि प्रत्येक हॉटेलातली साबणाची वडी बहिणीला पाठवत राहिले. तिने एकही वापरली नाही. कपड्यांच्या कपाटात ठेवली. "तिच्या कपाटाला अख्ख्या जगाचा वास येतो," ते म्हणाले. "पण ती स्वतः एकदाही हॉटेलात झोपलेली नाही."

दार वाजवायची रीत त्यांनी तिला एकदा गंमत म्हणून सांगितली होती. ती हसली नाही. लग्नाआधी दोघांचं दोन खोल्यांचं घर, त्यातली एक यांची. हे महिनोन्महिने बाहेर. तेव्हापासून ती त्यांची खोली झाडायला जाण्याआधी दार वाजवायची, थांबायची, मग आत जायची. त्यांचं लग्न झालं, ते इकडे अमेरिकेत आले, तरी तिने ते सोडलं नाही. फोनवर मध्येच सांगायची, "आज तुझं दार वाजवलं. कुणी ओ दिली नाही. मग झाडून घेतलं."

आता तिची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून थोडे दिवस आकार दिसतील, मग तेही नाही. अमेरिकेपर्यंतचा प्रवास तिला झेपणारा नव्हता. चार-पाच तासांचं विमान झेपलं असतं. काकांनी ठरवलं, मलेशियात पेनांगला भेटायचं. तिकडे तिच्याशी चिनीत बोलणारी माणसं भेटतील, आणि एकदा, एकदा तरी तिला हॉटेलात ठेवायचं, पाहुणी म्हणून. ती काही बघू शकते तोवर.

तारीख ठरली, तिकिटं झाली, भाचा तिला विमानात बसवून देणार हे ठरलं. फक्त हॉटेल ठरेना. दुसऱ्याचा प्रश्न एका कप पाण्यात सोडवणारा माणूस स्वतःच्या बाबतीत आठवडेच्या आठवडे अडला.

केविनने ऐकलं तेव्हा तो धावत आला. "अंकल, नदीत मी सगळ्यात वरच्या पायरीवर आहे. माझ्या नावावर बुक करतो." पण नियम असा की सवलती मेंबर स्वतः हजर असेल तरच. पायरी उसनी देता येत नाही. मग सुलभा काकूंनी खटपट केली. नदीवाले एजन्सीच्या माणसांना थोड्या महिन्यांपुरती वरची पायरी देतात, ती त्यांनी काकांसाठी मिळवली. पेनांगला समुद्राकाठी उंच इमारत, वरच्या मजल्यावर सूट, विमानतळावर गाडी. विहिरीकडे काकांना काहीच मिळणार नव्हतं. तिथे साध्या दोन खोल्या, खालच्या मजल्यावर. पण तिथल्या हॉटेलवाल्यांनी मेलला उत्तर पाठवलं होतं, की दोन्ही खोल्यांच्या मधे उघडणारं दार आहे, आणि ते तसंच राखून ठेवू.

"यात विचार कसला करताय?" सुलभा काकू म्हणाल्या. "सी व्ह्यू मिळतोय, लियांगभाऊ!"

"तिला समुद्र दिसणार नाही."

"मग विहीर घ्या."

"बरं बरं," काका म्हणाले, पण बुक केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नदीचं पान उघडायचं, सूटचे फोटो बघायचे, बंद करायचं. मी बुकिंग टाइप करायला थांबले होते. माझ्या मनात यायचं, इतरांना ते जे विचारतात ते स्वतःला का विचारत नाहीत. पण हे मी बोलणं शोभलं नसतं.

मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मिस काकू, मी आयुष्यभर हॉटेलच्या काउंटरवर उभा राहिलो. सगळ्यांच्या किल्ल्या घेतल्या, सगळ्यांची नावं पुकारली. माझी किल्ली शेवटी. एकदा मला तिच्यासमोर काउंटरवर जायचं होतं, आणि त्यांनी म्हणावं, 'मिस्टर लियांग, या, तुमचीच वाट बघत होतो.' तिने शाळा सोडली ती वाया गेली नाही, हे तिने ऐकावं असं वाटतं."

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. सुलभा काकूंची जीभ तिखट, पण त्या दिवशी त्या उठल्या, किटलीतलं गरम पाणी कपात ओतलं, काकांच्या समोर ठेवलं, आणि त्यांचा फोन हळूच पालथा केला.

"लियांगभाऊ," त्या म्हणाल्या, "सोबत कोण आहे?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग इतक्या मोठ्याने हसले, की खालच्या साडीच्या दुकानातली मुलगी जिन्यातून डोकावून गेली. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"शियाओ मा," ते म्हणाले, "विहीर. पण मेंबर मी नाही."

मेंबरशिप त्यांनी बहिणीच्या नावाने काढायला सांगितली. इतक्या दिवसांत हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे मेंबर व्हायचा तो नेहमी इंग्रजी येणारा, नोकरीवाला, घरातला मुलगा. आईवडील त्याच्याबरोबरचे. खोली बहिणीच्या नावावर, किल्ली तिच्या हातात, आणि काका तिच्या सोबतचे पाहुणे.

त्यासाठी तिच्या फोनवर आलेला पडताळणीचा नंबर वाचून घ्यायचा होता म्हणून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी नुसतं कपाळ आणि पांढरे केस आले. भाच्याने फोन खाली केला तेव्हा चेहरा दिसला. बारीक, नीट विंचरलेला अंबाडा, नजर आमच्यापेक्षा थोडी बाजूला. पहिला प्रश्न माझ्याविषयी होता. काकांनी भाषांतर केलं. "ही मुलगी कोण आणि जेवलीय का, असं विचारतेय."

मग त्यांचं बरंच चाललं. मधेच काका हसत माझ्याकडे वळले. "विचारतेय, मेंबर झाल्यावर मला काय काम करावं लागेल? मी म्हटलं, काही नाही, नुसतं झोपायचं."

"मग?"

"म्हणतेय, मी गिरणीत युनियनची मेंबर होते. तिथे झोपलं की बोलणी खावी लागायची. तुमच्याकडे झोपल्याबद्दल पॉइंट देतात?"

सुलभा काकूंनी टेबलावर थाप मारली. "विचारा त्यांना, आमच्याकडे नोकरी करतील का!"

काका पेनांगला गेले ते मेच्या शेवटी. जाताना ऑफिसातली किटली स्वच्छ घासून ठेवली आणि मला म्हणाले, "केविनची आई येणार आहे, तिच्या मजल्याचं बघ." बाकी निरोप वगैरे काही नाही. पंधरवड्यात परत येणारच होते.

त्यांचं विमान लेट झालं. त्यामुळे ते दोघं हॉटेलात पोहोचले तेव्हा तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ आणि आमच्याकडे ऑफिस उघडायची. मी कुलूप काढून आत येतेय तोच व्हिडिओ कॉल आला. फोन काकांच्या हातात नव्हता, हॉटेलातल्या कुणा मुलीच्या हातात होता. तिचा आवाज ऐकू येत होता, चिनीत, हसरा. चित्र हलत हलत एका लांब कॉरिडॉरमध्ये आलं. मी सुलभा काकूंना हाक मारली. त्या जिना चढतच होत्या, धापा टाकत येऊन माझ्या खांद्याला टेकल्या.

काकांची बहीण खोलीच्या दारासमोर उभी होती. निळा कोट, कडक इस्त्रीचा, इतक्या उकाड्यात. एका हातात कार्ड, दोन बोटांत धरलेलं, जपून. काउंटरवर काय झालं ते मला नंतर कळलं. तिथल्या माणसांनी तिला नावाने हाक मारली होती, बसायला खुर्ची दिली होती, आणि काकांना, तुम्ही कोण, असं विचारलं होतं. "मी त्यांच्या सोबत आहे," असं काकांनी सांगितलं होतं.

पण आत्ता काका कुठे दिसत नव्हते.

हॉटेलातल्या मुलीने कार्ड लावायला मदत केली. हिरवा दिवा लागला. बहिणीने दार ढकललं नाही. तिने हात वर केला, बोटाने दार शोधलं, आणि वाजवलं. हलकेच. मग थांबली. मान थोडी तिरकी, कान दाराकडे. सवयीने थांबतात तशी. उत्तराची वाट बघणाऱ्याची मान अशी नसते.

दार आतून उघडलं.

काका शेजारच्या खोलीतून, मधल्या दाराने, आधीच आत गेले होते. ते दारात उभे होते, पायात मोजे, पाठीमागे सगळे दिवे लावलेले. ते फक्त एकच शब्द म्हणाले. चिनी मला येत नाही, पण तो शब्द ऑफिसात इतक्या वेळा ऐकला होता, की मला कळला. 'ये.'

बहीण मागे सरकली. मग पुढे झाली आणि तिने त्यांच्या दंडावर फटका मारला. जोरात. दुसराही मारला. काहीतरी ओरडली, आणि फोन धरणारी मुलगी इतकी हसली की चित्र छताकडे गेलं.

"काय म्हणाल्या?" सुलभा काकू मला विचारत होत्या, जणू मला कळणारच. "काय म्हणाल्या गं?"

ते आम्हाला कधीच कळलं नाही. चित्र पुन्हा खाली आलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. आतून दोघांचे आवाज येत होते, तिचा मोठा, त्यांचा मधूनमधून. त्यात एकदा स्पष्ट "बरं बरं" ऐकू आलं.

काका परत आले नाहीत. पेनांगहून ते तिच्याबरोबर चंगतूला गेले आणि तिथेच राहिले. मुलीने सामान पाठवून दिलं. सुलभा काकूंकडे आता दुसरा माणूस आहे, चांगला आहे, तक्ते उत्तम करतो. मी कधीमधी काकांना मेसेज करते, ते छोट्या घोड्याची चित्रं पाठवतात.

पण मी त्यांना पाहिलं ते त्या सकाळी शेवटचं, आणि खरं तर तेही तसं पाहिलं नाही. फोन बंद करायचं त्या मुलीला सुचलं नव्हतं, म्हणून मी आणि काकू बघत उभ्या होतो. कॉरिडॉरचा गालिचा. अर्धं उघडं दार. उंबऱ्याशी बहिणीचे काळे कापडी बूट, काकांनी ठेवलेले असावेत, एकाचं तोंड आत, एकाचं बाहेर. आणि आत कुणीतरी किटलीचं बटण दाबलं, त्याचा आवाज.